हायडेलबर्गचे सुवर्णपदक

क्रीडेचा इतिहास सांगताना ‘पहिला’ हा शब्द फार जपून वापरावा लागतो. जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारा पहिला भारतीय कोण, असे शाळेतील मुलास विचारले, तर तो अभिनव बिंद्रा यांचे नाव सांगतो आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील नेमबाजीचा दाखला देतो. ऑलिंपिकपुरते हे उत्तर बिनचूक आहे. त्या आधीची भारताची सर्व ऑलिंपिक सुवर्णपदके हॉकीच्या संघाने जिंकलेली होती. वैयक्तिक पदकांच्या बाबतीत १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळविलेले कांस्यपदक हेच स्वतंत्र भारताचे कितीतरी वर्षे एकमेव भूषण होते. परंतु बीजिंगच्या ३६ वर्षे आधी, १९७२ च्या ऑगस्ट महिन्यात, पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग या जुन्या विद्यानगरीत, कमरेखाली लुळा पडलेला एक भारतीय सैनिक पन्नास मीटर पोहून सर्वांच्या आधी कडेला पोहोचला होता, आणि त्याने नोंदविलेली वेळ हा जागतिक विक्रम ठरला होता. त्यांचे नाव मुरलीकांत राजाराम पेटकर. त्यांचा पराक्रम जितका विलक्षण आहे, तितकीच त्याच्या विस्मरणाची कथाही विचार करायला लावणारी आहे.

पेटकरांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजी पेठ-इस्लामपूर येथे झाला. हा वाळवे तालुक्याचा प्रदेश. आज तो सांगली जिल्ह्यात मोडतो, परंतु त्या काळी तो सातारा जिल्ह्याचाच भाग होता, आणि पेटकरांचा जन्म झाला तेव्हा क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा अंमल तेथील गावोगाव चालू होता. कृष्णा-वारणेच्या या काळ्या मातीत तालमीची परंपरा जुनी आहे. खाशाबा जाधवांचे गोळेश्वर हे गाव कऱ्हाडजवळ, म्हणजे पेठेपासून फार दूर नाही. खाशाबा हेलसिंकीहून परतले, त्या वेळी पेटकर सात वर्षांचे होते. गावच्या आखाड्यात खेळणाऱ्या मुलाच्या मनावर अशा गोष्टींचा कसा संस्कार होतो, हे या भागातील लोकांना निराळे सांगावयास नको. पेटकरांनाही लहानपणी कुस्तीचा छंद लागला, आणि पुढे त्या काळच्या कित्येक खेड्यांतील मुलांप्रमाणे त्यांनीही सैन्याची वाट धरली.

सैन्यात ते इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स या दलात, म्हणजे सैनिकांच्या भाषेत ‘ईएमई’त, क्राफ्ट्समन होते. रणगाडे, तोफा, गाड्या आणि यंत्रसामग्री यांची दुरुस्ती करणारे, आणि प्रसंगी ऐन रणभूमीवरून नादुरुस्त वाहने ओढून आणणारे हे दल. वृत्तपत्रांच्या रकान्यांत त्याचे नाव क्वचितच झळकते, परंतु त्याच्यावाचून आघाडी एक दिवसही टिकत नाही. सिकंदराबाद हे या दलाचे मोठे केंद्र. तेथे पेटकरांची ओळख मुष्टियुद्धाशी झाली. कुस्तीत कमावलेले अंग, चपळ पाय आणि भरपूर जिद्द या भांडवलावर ते सेनादलातील नामांकित मुष्टियोद्ध्यांत गणले जाऊ लागले. १९६४ साली तोक्यो येथे भरलेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडामेळाव्यात त्यांनी भारताच्या वतीने भाग घेतला. वयाच्या विशीत असलेल्या या तरुणाचे पुढील आयुष्य मुष्टियुद्धाच्या रिंगणातच जाणार, असे त्या वेळी कोणालाही वाटले असते.

दुसऱ्याच वर्षी भारत-पाकिस्तान युद्ध पेटले. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर रणगाड्यांच्या घनघोर लढाया झाल्या. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांना त्याच आघाडीवर वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. या युद्धात पेटकरांना एकाहून अधिक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्याशी रुतली ती कायमचीच. प्राण वाचले, परंतु कमरेखालच्या शरीरावरील ताबा गेला. २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला, आघाड्या शांत झाल्या, आणि सैनिक आपापल्या छावण्यांत परतले. पेटकरांसारख्यांचे युद्ध मात्र तेव्हा कोठे सुरू होत होते.

मज्जारज्जूस इजा होणे म्हणजे काय, हे नीट ध्यानी घेतल्याखेरीज पुढील कथेचे मोल कळणार नाही. मज्जारज्जू ही मेंदू आणि शरीर यांना जोडणारी वाहिनी. ती जेथे तुटते, त्याखालच्या अवयवांना मेंदूची आज्ञा पोहोचत नाही आणि त्यांची वेदनाही मेंदूस कळत नाही. पाय हलत नाहीत एवढाच हा प्रश्न नसतो. मलमूत्रविसर्जनावरचा ताबा जातो. एकाच कुशीवर पडून राहिल्याने कातडीला घट्टे पडून जखमा होतात, आणि त्या दुखत नसल्यामुळे लक्षात येण्यापूर्वीच चिघळतात. पहिल्या महायुद्धात अशी इजा झालेले बहुसंख्य सैनिक थोड्याच काळात मूत्रमार्गाच्या किंवा शय्याव्रणांच्या संसर्गाने दगावले. वैद्यकशास्त्राने या रुग्णांच्या बाबतीत जवळजवळ हात टेकले होते. त्यांना शांतपणे मरू द्यावे, यापलीकडे उपचाराची कल्पनाच नव्हती.

ही समजूत ज्याने मोडली, तो लुडविग गुटमन हा जर्मन ज्यू मज्जातज्ज्ञ. हिटलरच्या राजवटीतून निसटून तो १९३९ साली इंग्लंडमध्ये आश्रयास आला. १९४४ च्या फेब्रुवारीत, युरोपवरील मोठ्या चढाईची तयारी चालू असताना, जखमी होऊन येणाऱ्या सैनिकांसाठी स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात मज्जारज्जूच्या इजांचे केंद्र उघडण्यात आले आणि त्याची सूत्रे गुटमनच्या हाती देण्यात आली. त्याचे उपाय वरकरणी साधे होते. रुग्णास दर दोन तासांनी, रात्रंदिवस, कुशीवर वळवावयाचे. मूत्रमार्ग स्वच्छ राखावयाचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला बिछान्यातून उठवून कामाला आणि खेळाला लावावयाचे. जे शरीर निकामी ठरले आहे, त्यात जे अजून शाबूत आहे त्याची कसून मशागत करावयाची, हा त्याच्या पद्धतीचा गाभा होता. धनुर्विद्येने खांदे व पाठ बळकट होतात, चेंडूच्या खेळाने तोल साधतो, आणि पोहण्याने सगळ्याच शाबूत स्नायूंस व्यायाम मिळतो.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्‌घाटन झाले. नेमक्या त्याच दिवशी गुटमनने आपल्या रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांत बसलेल्या माजी सैनिकांचे तिरंदाजीचे सामने भरविले. स्पर्धक होते अवघे १६; त्यांत दोन स्त्रिया. पुढे हे सामने दरवर्षी भरू लागले. १९५२ साली हॉलंडचे खेळाडू आले आणि सामन्यांना आंतरराष्ट्रीय रूप मिळाले. १९६० साली रोम येथे ऑलिंपिकनंतर लगेच हे सामने झाले, तेव्हा २३ देशांतून सुमारे ४०० खेळाडू जमले होते. १९६४ साली तोक्यो, १९६८ साली तेल अवीव, आणि १९७२ साली हायडेलबर्ग अशी ही परंपरा पुढे चालत गेली. आज यांना आपण पॅरालिंपिक सामने म्हणतो.

पेटकरांच्या आयुष्यात हा प्रवाह येऊन मिळाला तो मुंबईत. नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्यांच्यावर दीर्घकाळ उपचार चालू होते. मुष्टियोद्ध्याची सारी विद्या पायांवर उभी असते. ठोसा हाताने बसतो खरा, पण त्याचे बळ टाचेपासून निघते. ते पायच गेल्यावर त्या विद्येचा काही उपयोग उरला नव्हता. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरण्यास सांगण्यात आले. पाण्याचा एक गुण असा की, ते शरीराचा भार स्वतःवर घेते. जमिनीवर जो मनुष्य दुसऱ्याच्या आधारावाचून जागचा हलू शकत नाही, तो पाण्यात केवळ हातांच्या बळावर स्वतंत्रपणे संचार करू शकतो. कृष्णाकाठच्या मुलाला पाण्याचे भय नव्हते. औषध म्हणून आरंभलेले पोहणे हळूहळू त्यांचा खेळ झाले, आणि पुढे तेच त्यांचे ध्येय झाले.

तथापि इच्छा आणि कौशल्य असले, तरी परदेशी स्पर्धेस जाण्यासाठी पैसा लागतो. खाशाबा जाधवांना हेलसिंकीस पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते, ही हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. पेटकरांच्या वाट्यासही असाच एक सहृदय मनुष्य आला. तो म्हणजे भारताचे विख्यात फलंदाज विजय मर्चंट. क्रिकेटमधून निवृत्त झाल्यावर मर्चंट यांनी अपंगांच्या कल्याणास स्वतःला वाहून घेतले होते. अपंग मनुष्यास दया नको, काम हवे, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्या संस्थेने पेटकरांच्या प्रवासखर्चाची तजवीज केली. कोल्हापूरचा प्राध्यापक आणि मुंबईचा क्रिकेटपटू यांचे कार्यक्षेत्र अगदी भिन्न होते. परंतु शासन आणि समाज यांच्यामधली जी रिकामी जागा त्यांनी आपापल्या परीने भरून काढली, ती एकच होती.

१९६८ साली तेल अवीव येथे भारत प्रथमच या सामन्यांत उतरला. हे सामने खरे तर ऑलिंपिकच्या यजमान मेक्सिकोने भरवावयाचे. परंतु अडचणींमुळे मेक्सिकोने नकार दिल्यावर इस्राएलने ती जबाबदारी उचलली. पेटकर तेथे टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी ओलांडून गेले. पदक मिळाले नाही, पण चाकांच्या खुर्चीतील शेकडो माणसे परस्परांशी निकराने झुंजताना त्यांनी पाहिली. दोन वर्षांनी, १९७० मध्ये, एडिंबरो येथे राष्ट्रकुलाचे अधरांगग्रस्तांचे सामने झाले. तेथे त्यांनी पन्नास मीटर जलतरणात सुवर्णपदक, भालाफेकीत रौप्यपदक आणि गोळाफेकीत कांस्यपदक मिळविले. एकाच सामन्यात तीन निरनिराळ्या प्रकारांत तीन रंगांची पदके मिळविणारा हा खेळाडू आता कोणाच्या कृपेने स्पर्धेत उतरलेला राहिला नव्हता.

१९७२ चे ऑलिंपिक सामने म्यूनिकमध्ये होते. त्यांच्या पाठोपाठ अपंगांचे सामनेही तेथेच व्हावेत, ही स्वाभाविक अपेक्षा. परंतु ऑलिंपिकसाठी बांधलेली क्रीडानगरी सामन्यांनंतर लगेच खासगी सदनिकांत रूपांतरित व्हावयाची होती, त्यामुळे तेथे जागा मिळेना. अखेर हायडेलबर्गच्या विद्यापीठाने आपली क्रीडासंस्था उपलब्ध करून दिली, आणि सामने ऑलिंपिकच्या आधी, ऑगस्टच्या पूर्वार्धात उरकण्यात आले. नेकर नदीच्या काठी, १३८६ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या या गावी ४० हून अधिक देशांचे ९०० हून अधिक खेळाडू जमले. पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हाइनेमान यांनी उद्‌घाटन केले.

पेटकर या सामन्यांत एकाच खेळासाठी आले नव्हते. भालाफेक, अचूक भालाफेक आणि चाकांच्या खुर्चीची स्लालम शर्यत, म्हणजे अडथळ्यांतून वळणे घेत जाण्याची शर्यत, या तिन्हींत त्यांनी अंतिम फेरी गाठली. परंतु त्यांचे नाव राहिले ते पाण्यावर. त्या काळी मज्जारज्जूची इजा पाठीच्या कोणत्या मणक्यापाशी झाली आहे, हे वैद्यांकडून तपासून घेऊन स्पर्धकांचे वर्ग पाडीत असत. ज्यांच्या शरीराचा साधारण सारखाच भाग शाबूत आहे, ते परस्परांशी लढत. पेटकर तिसऱ्या वर्गात होते. पन्नास मीटर मुक्त शैलीचे अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत तोडले. हे सुवर्णपदकही होते आणि त्या वर्गातील जागतिक विक्रमही.

सदतीस सेकंद या आकड्यावरून सामान्य श्रोत्याला फारसा बोध होणार नाही, म्हणून थोडे विवरण आवश्यक आहे. मुक्त शैलीत पोहणाऱ्याला पुढे नेण्याचे काम मुख्यत्वे हात करतात. परंतु पाय दोन गोष्टी करतात. ते थोडी गती देतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सतत लाथा मारून ते शरीराचा मागचा भाग पाण्याच्या पृष्ठभागाशी तरंगत ठेवतात. ज्याचे पाय लुळे आहेत, त्याचे शरीर कमरेपासून खाली झुकते, आणि मागे लोंबणारे ते पाय नांगरासारखे पाणी अडवितात. पोटाचे आणि कमरेचे स्नायू दुबळे झाले, की प्रत्येक हाताबरोबर अंग डावीकडे-उजवीकडे हेलकावते आणि ते सावरण्यात शक्ती खर्च होते. ओट्यावरून उडी घेताना पायांच्या रेट्याने जो लाभ होतो, तोही अशा पोहणाऱ्यास मिळत नाही. आता तुलना पाहा. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी म्यूनिकमध्ये अमेरिकेच्या मार्क स्पिट्झने शंभर मीटर अंतर ५१.२२ सेकंदांत तोडून जागतिक विक्रम केला. म्हणजे दर पन्नास मीटरला सरासरी साडेपंचवीस सेकंदांहून किंचित अधिक. जगातील सर्वश्रेष्ठ धडधाकट जलतरणपटू आणि अर्धे शरीर ओढीत नेणारा हा सैनिक यांच्यामध्ये पन्नास मीटरमागे बारा सेकंदांचेही अंतर नव्हते. सात वर्षांपूर्वी मृत्यूच्या दारात असलेल्या मनुष्याने केवळ दोन हातांवर हे साधले होते.

आपल्या वाङ्मयात पांगळ्याने पर्वत ओलांडणे ही ईश्वरी कृपेची उपमा म्हणून येते. भक्ताच्या दृष्टीने ती योग्यच आहे. परंतु तिच्यामुळे एक सवय आपल्या मनास नकळत जडली आहे. अपंगाने काही मोठे केले की आपण त्याला चमत्कार म्हणतो आणि हात जोडून मोकळे होतो. चमत्कारात कर्तृत्व नसते. हायडेलबर्गला जे घडले, ते रोजच्या सरावाने, रोजच्या थकव्याने आणि घड्याळाच्या काट्याशी झुंजून घडले होते.

मग हे पदक देशाच्या स्मरणातून कसे निसटले? कोणा एकाच्या द्वेषाने किंवा दुष्टाव्याने ते निसटले नाही. त्याची कारणे अधिक खोल आणि म्हणूनच अधिक विचारार्ह आहेत.

पहिले कारण काळाचे. हायडेलबर्गचे सामने संपल्यावर थोड्याच दिवसांत, २६ ऑगस्टला, म्यूनिकचे ऑलिंपिक सुरू झाले. साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वळले. ५ सप्टेंबरला इस्राएली खेळाडूंवर दहशतवाद्यांनी हल्ला केला; त्यात ११ इस्राएली प्राणास मुकले, आणि त्या वर्षीच्या क्रीडाविषयक सर्व आठवणींवर त्या रक्तपाताची गडद छाया पडली. भारतीयांच्या दृष्टीने म्यूनिक म्हणजे हॉकीतील कांस्यपदक. या गदारोळात हायडेलबर्गची वार्ता मागे पडली, यात नवल नाही.

दुसरे कारण नावाचे. ज्यांना आज आपण १९७२ चे पॅरालिंपिक म्हणतो, त्यांचे त्या वेळचे अधिकृत नाव एकविसावे आंतरराष्ट्रीय स्टोक मँडव्हिल सामने असे होते. एका इंग्रजी खेड्यातील रुग्णालयाचे हे नाव भारतातील वाचकास काय सांगणार? पॅरालिंपिक हा शब्द प्रचारात होता, परंतु आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला मान्यता दिली ती १९८४ मध्ये. १९८८ साली सोलपासून हे सामने ऑलिंपिकच्याच नगरीत, त्याच मैदानांवर नियमितपणे होऊ लागले, आणि १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती स्थापन झाली. आधीच्या सामन्यांना पॅरालिंपिक म्हणण्याची प्रथा मागाहून रूढ झाली. म्हणजे पेटकरांनी जे जिंकले, त्याला आजचे भारदस्त नाव लाभण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली. नाव नसलेली वस्तू नोंदवहीत कोणत्या सदरात लिहावयाची, हा प्रश्न नेहमीच बिकट असतो, आणि बहुधा ती लिहिलीच जात नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. हे सामने रुग्णालयात जन्मले. त्यांचा जनक वैद्य होता, त्यांचे वर्ग वैद्य पाडीत, आणि त्यांचा मूळ हेतू उपचाराचा होता. म्हणून त्यांत मिळालेले यश प्रकृतीतील सुधारणा म्हणून पाहिले गेले. क्रीडेतील विजय म्हणून नव्हे. १९६१ पासून देशात अर्जुन पुरस्कार दिला जात होता. परंतु क्रीडेच्या खात्यात हे पदक बसेना, कारण ते अपंगांचे. आणि अपंगकल्याणाच्या खात्यात त्याचे मोल कळेना, कारण ते क्रीडेचे. दोन कार्यालयांच्या सीमेवर पडलेल्या कागदाचे जे होते, तेच या पदकाचे झाले. पेटकरांनी पुढे पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली आणि आपला संसार नेटाने चालविला. अर्जुन पुरस्काराच्या यादीत मात्र चार दशकांहून अधिक काळ त्यांचे नाव आले नाही.

येथे एक शंका कोणी घेईल. वर्ग पाडून घेतलेल्या, तुलनेने थोड्या स्पर्धकांच्या शर्यतीतील पदक ऑलिंपिकच्या पदकाच्या बरोबरीने तोलावे काय? शंका प्रामाणिक आहे आणि तिला प्रामाणिकच उत्तर दिले पाहिजे. ही दोन पदके एकच नव्हेत, आणि एकाच्या पुढे दुसरे खुजे ठरविण्याचेही कारण नाही. परंतु खेळात वर्ग पाडणे ही काही अपंगांसाठी शोधून काढलेली सवलत नव्हे. खाशाबा जाधवांचे पदक बँटमवेट गटातील होते. त्यांची कुस्ती हेवीवेट मल्लाशी लावली गेली नाही, म्हणून कोणी त्यांचे यश उणे मानीत नाही. वजनाप्रमाणे जोडी लावणे ज्या न्यायाने योग्य, त्याच न्यायाने शाबूत शरीराप्रमाणे जोडी लावणे योग्य. समान बळाच्या माणसांत कोण अधिक झुंजतो, हे पाहणे हेच तर स्पर्धेचे मर्म आहे.

या विस्मरणाची किंमत एकट्या पेटकरांनीच मोजली असे नाही. हायडेलबर्गनंतर भारताला या सामन्यांत पुढची पदके मिळाली ती १९८४ मध्ये, आणि दुसरे सुवर्णपदक मिळण्यास २००४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अथेन्समध्ये देवेंद्र झाझरिया यांनी भालाफेकीत ते मिळविले. म्हणजे मधे ३२ वर्षांचे अंतर पडले. या काळात देशात पाय किंवा हात गमावलेली, पण अंगात खेळाडूचे बीज असलेली किती मुले-मुली वाढली असतील! आपल्यासारख्याच एका मनुष्याने जगाला मागे टाकले आहे, हे त्यांच्या कानी गेले असते, तर त्यांतील काहींनी तरी मैदानाची वाट धरली असती. सैन्यातील जखमींची काळजी घेण्याची परंपरा महाराष्ट्रात नव्हती असे नाही. खडकी येथील, १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट अपंग सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवीत आली आहे, आणि १९७४ मध्ये तेथेच अधरांगग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र निघाले. निवारा, उपचार आणि रोजगार यांची सोय होऊ लागली होती. उणीव होती ती अशा माणसाकडे खेळाडू म्हणून पाहणाऱ्या दृष्टीची.

ती दृष्टी हळूहळू आली. भारतात अपंगांच्या खेळांसाठी राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या, प्रशिक्षणाची सोय झाली, आणि पदकांची संख्या वाढू लागली. २०२० च्या, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ मध्ये झालेल्या, तोक्यो पॅरालिंपिकमध्ये भारताने ५ सुवर्णपदकांसह १९ पदके मिळविली. २०२४ मध्ये पॅरिस येथे ७ सुवर्णपदकांसह २९. तोक्योच्या आधीच्या सर्व सामन्यांत मिळून भारताची पदके अवघी १२ होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचा वेग कळतो. मात्र या सर्व यादीत जलतरणाचे पदक पॅरिसपर्यंत एकच राहिले, आणि ते १९७२ चे. ऑलिंपिकमध्ये तर भारताला पोहण्यात पॅरिसपर्यंत एकही पदक मिळालेले नव्हते.

पेटकरांच्या पदकाची आठवणही या बदलाबरोबरच परत आली. २०१८ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. जून २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर आधारलेला ‘चंदू चॅम्पियन’ हा कबीर खान यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि लक्षावधी लोकांना त्यांचे नाव प्रथमच कळले. २०२४ सालच्या क्रीडापुरस्कारांत त्यांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती भवनात, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांनी तो स्वीकारला. हायडेलबर्गच्या त्या शर्यतीस तेव्हा ५२ वर्षे उलटून गेली होती. खाशाबा जाधवांचे नाव अर्जुन पुरस्काराच्या यादीत आले ते त्यांच्या निधनानंतर. पेटकरांच्या बाबतीत निदान सन्मान स्वीकारण्यास ते स्वतः उपस्थित होते, एवढेच समाधान.

इतिहासाचे काम सत्कार करण्याचे नाही. जे घडले ते आपल्या जागी नोंदवून ठेवण्याचे आहे. शासनाचे पुरस्कार उशिरा का होईना देता येतात, परंतु ज्या पिढ्यांना एक उदाहरण हवे असताना ते मिळाले नाही, त्यांचे नुकसान कोणत्याही समारंभाने भरून निघत नाही. आज गावोगावच्या शाळांतून क्रीडादिन साजरे होतात, आणि भिंतींवर खेळाडूंची चित्रे लागतात. त्यांत खाशाबांच्या शेजारी पेठ-इस्लामपूरच्या या जलतरणपटूचे चित्र लावले गेले, आणि त्याखाली ‘हायडेलबर्ग, १९७२, ५० मीटर, ३७.३३ सेकंद’ एवढीच ओळ लिहिली, तरी पुरे. कुबडी घेऊन वर्गात मागच्या बाकावर बसणारे एखादे मूल ती ओळ वाचील, आणि तिचा अर्थ काय हे गुरुजींना विचारील.